केळीच्या देशाची रांगोळी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, त्याची आधीच माफी मागते. हाताला रांगोळीच्या चिमटीची सवय आहे, पेनाची नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये तपासणीची कमिटी माझ्या रांगोळीपुढे थांबली होती. मी खांबाआड उभी. एका सरांनी विचारलं, "मॅडम, त्या वर्षी तिथे मोठं वादळ झालं होतं ना? मग उत्पन्न पडलेलं का दिसत नाही?"

पडलेलं दिसत नव्हतं, कारण मी ते पडू दिलं नव्हतं.

मी जळगावात मेहरूणला राहते. लग्नाला, उद्घाटनाला मोठ्या रांगोळ्या काढते. चाळणीने रंग पसरायचा, वर चिमटीतून पांढरी रेघ सोडायची. या वेळी अर्थशास्त्राच्या मॅडमनी फुलं नको म्हटलं. एक कागद दिला. समुद्रातल्या एका लहान देशाचं उत्पन्न, दर वर्षाचा एक ठिपका, ठिपके जोडून रेघ.

"म्हणजे सरकारचा पैसा का?" मी विचारलं.

"नाही हो ताई. तिथल्या सगळ्या माणसांची वर्षाची कमाई. त्यांनी बाहेर कमावलेलं त्यात धरायचं, बाहेरच्यांनी तिथून कमावून नेलेलं वजा करायचं. तिथे केळीच पिकते, तुमच्या रावेरसारखी."

मॅडम तासिकेवर होत्या. शिकवतील तेवढ्या तासांचे पैसे. तपासणी नीट झाली तर पुढच्या वर्षी परत घेणार होते. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

रेघ छान चढत होती. मध्ये एकदाच खड्ड्यात जाऊन परत वर येत होती. आमच्या कामात रेघ अशी मोडलेली चालत नाही, लोक नावं ठेवतात. मी तो ठिपका पुसला, वर घेतला, गोलाई दिली. मॅडम घाईत आल्या, "किती सुंदर!" म्हणाल्या आणि कमिटीला आणायला धावल्या.

आता त्या म्हणत होत्या, "चूक माझी आहे सर. मी तपासायला हवं होतं."

प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलांनाही असंच शिकवता का?"

दोन पावलं पुढे जाऊन बोलायचं होतं. मी मागच्या दाराने निघून गेले.

रिक्षात आठवलं. रावेरला वडिलांची केळी वादळात आडवी झाली होती, घड भरायच्या आधीच. त्याच वर्षी माझी शाळा सुटली. तो खड्डा मला तरी ओळखू यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी कामाचे चार हजार घरपोच आले, मला ते कॉलेजचेच वाटले. आठ दिवसांनी विसरलेली चाळणी आणायला गेले. शिपाई नाना म्हणाले, "तुले माहीत नही का? तुनं बिल पास नही व्हयनं. चुकीचं काम म्हने. बठ्ठा चार हजार मॅडमनी खिशातून दिधात."

मी तशीच मॅडमकडे गेले. "ठिपका मी हलवला," एवढंच बोलता आलं.

"माहीत आहे. कागदाची प्रत होती ना माझ्याकडे."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्ही खांबामागे उभ्या होतात. मला दिसत होतात."

त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना घेऊन प्राचार्यांकडे गेले. पदर हातात घट्ट धरून सांगितलं, "साहेब, चूक मी केली. मॅडमनी कागद बरोबर दिला होता."

"मग बदललं कशाला?"

"खड्डा बरा दिसत नव्हता."

पुढच्या वर्षी मॅडमना परत घेतलं, पण आठवड्याचे दोन तास कमी करून.

पैसे तर खर्च झाले होते. मॅडम नको म्हणाल्या, निदान रंगाचे तरी ठेवा म्हणाल्या. मी ऐकलं नाही. लग्नसराईत काम मिळेल तसे पाचशे-पाचशे नेऊन दिले. आता कागद हातात आला की आहे तसाच काढते. काही खटकलं तर विचारते, विचारायची लाज वाटली तरी.

परवा शेवटचे पाचशे दिले. चार हजार पूर्ण फिटले.