लॅपटॉपचं कपाळ

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या मुलीचा बाप दिसतो. वरठीच्या कारखान्यात कामाला जाणारा माणूस, पोलीस ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसलेला. तोंडात एकच वाक्य, "साहेब, उद्यापासून पोट्टीचं कालेज बंद."

मुलगी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या अंगणात, तट्ट्यांच्या आडोशाला न्हाताना आपल्याला कोणीतरी पाहतं, असं तिनं घरी सांगितलं होतं. तिची कुजबुज गल्लीत पोचली आणि लगेच शेजारचा मोबाइल दुकानदार बापाकडे खबर घेऊन आला. तिथून दोघे माझ्याकडे. मोहाडी तालुक्यातल्या त्या ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो.

"बाजूचा पोट्टा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून पाहून राहिला," दुकानदार म्हणाला. "परवा अर्ज भरायले गेलो त्याच्या घरी, तं स्क्रीनवर थेट अंगण चालू. पोट्टीच्या डोक्याले हिरवा टॉवेल. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

संशयित पंचविशीतला. गावातल्या पोरांचे नोकरीचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. खिडकी नेमकी त्या अंगणाकडेच. गल्लीत काठ्या निघायच्या आत आम्ही त्याला लॅपटॉपसकट ठाण्यात आणलं. चौकशीत त्याचं एकच पालुपद, "साहेब, त्या कॅमेऱ्यातून काही दिसतच नाही."

माझे शिपाई हसले. ठाण्यात आलेल्या माणसाची प्रत्येक वस्तू बंदच असते. फोन बंद, गाडी बंद, आठवणसुद्धा बंद. हवालदार म्हणाला, "चालू करून पाहून घेऊ साहेब, कॅमेरा चालतो का." मी त्याला दटावलं. जप्त मुद्देमालाशी आपण खेळलो, तर बचावाचा वकील कोर्टात आपलेच कपडे उतरवतो. चालू करायचं काम प्रयोगशाळेचं. आपण पंचांसमोर बाहेरून दिसेल तेवढं लिहायचं.

झाकण उघडलं. पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, हळदकुंकवाचा भला मोठा टिळा. वाळून खडखडीत झालेला. भिंग कुठे आहे ते शोधूनही दिसेना.

पोराची आई दारातच उभी होती. "दसऱ्याच्या पूजेले मीच लावलं," ती तडक आत येऊन म्हणाली. "हा बोंबलला, डोळा बुजवला म्हणून. मी म्हटलं, हात लावशील तं पाहाय! पूजेचं कुंकू पुसतेत का? मले तं ते मशीनचं कपाळच वाटलं."

दसरा होऊन बरेच दिवस झाले होते. मी पोराला विचारलं, "हे आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी आणखी हसले असते."

खरं होतं. मी खबर देणाऱ्या दुकानदाराकडे वळलो. तो आमचाच चहा पीत मजेत बसला होता. मुलीलाही बोलावून आणलं होतं, आत महिला शिपायानं तिला विचारून घेतलं होतं. टॉवेल हिरवाच होता.

"ह्या कॅमेऱ्यातून तर माशीही दिसत नाही," मी म्हणालो. "मग तुला टॉवेल दिसला कुठून?"

त्यानं कुंकवाकडे पाहिलं. कप खाली ठेवला. थोडा वेळ आढेवेढे घेतले, मग दुकानाच्या स्लॅबवरून पाहिल्याचं कबूल केलं. फोनमध्ये शूटिंगही होतं. मुलीला संशय आलाय म्हटल्यावर त्यानं बालंट त्या पोरावर आणलं होतं. फोन सीलबंद केला, गुन्हा नोंदवला. पुढे अहवाल आला की शूटिंग बाहेर कुठे गेलेलं नव्हतं. तो वाचून मला बरं वाटलं.

खबर देणारा फार बारकावे सांगू लागला, की तो स्वतः कुठे उभा होता हे आधी विचारावं, हा धडा मी पुढे नोकरीभर वापरला. पण त्या दिवशीचा मोठा धडा मुलीनं दिला.

बाप अजून बाकावरच होता. मी म्हणालो, "गुन्हा त्यानं केला, बंद झालं तर त्याचं दुकान होईल. हिचं कॉलेज काहून?"

तेवढ्यात मुलगी बाहेर आली.

"बाबा, कोणी पाहून राहिलं, हे मी कितीदा सांगितलं. माह्यं तुमी ऐकलंच नाही. त्यानं सांगितलं तं लगेच ठाण्यात आले."

बाप उठला. तिच्या खांद्यावरची ओढणी उगाच नीट करत त्यानं विचारलं, "उद्या तुह्यी बस किती वाजता हाये?"