पहिलीत एक तरी नाव

निमोण्याच्या शिवारातल्या आमराई वस्तीची शाळा पहिल्यांदा मारुतीच्या देवळात भरली, तेव्हा तिथं पोरगी म्हणून एकटी धुरपदा होती. पोरांनी चिडवून जीव नकोसा केला, पण पठ्ठी चौथीपर्यंत हलली नाही. पुढं शाळेला जागा मिळाली, खोल्या झाल्या आणि एक रीत पडली. पहिल्या दिवशी वस्तीतल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्यानं नव्या पोराला मांडीवर घ्यायचं, त्याचं बोट धरून परातीतल्या तांदळात 'श्री' गिरवायचं आणि मगच नाव पटावर. तोवर हा मान असलेले हौसराव आबा गेले आणि तो धुरपदाकडे आला. मानाच्या बाबतीत म्हातारी भारी हट्टी. सून परात धरायला आली तरी तिला हाकलायची.

यंदा शाळेच्या तेजश्री बाईंनी वस्तीला आधीच हात जोडून सांगितलं होतं, "पहिलीत एक तरी नाव येऊ द्या. नाहीतर शाळा बंद करून वरच्या वर्गातली मुलं निमोण्याला पाठवणार आहेत."

वस्ती पेटून उठली. बापजाद्यांची शाळा! कुणी रंग दिला, कुणी पत्रे बदलले, धुरपदाचा नातू पृथ्वीराज यानं मोठा टीव्ही बसवून दिला. बाई घरोघरी गेल्या, तर जो तो म्हणाला, "येतो की पहिल्या दिवशी, रीतच हाय आपली."

आणि आले. अख्खी वस्ती आली. दाराला तोरण, हलगी, पेढे. धुरपदा नवं लुगडं नेसून मांडी घालून बसली, पुढ्यात परात. हलगी थांबली.

"आणा बाळाला," बाई म्हणाल्या.

कुणीच पुढं येईना.

"भैरू, तुझं पोरगं कुठाय?" धुरपदानं विचारलं.

"शिक्रापूरला विंग्रजी शाळंत घातलंय, आत्या. मला वाटलं, ज्ञानेशची पोरगी यील."

"ती बी त्याच बसमधी जाती," ज्ञानेश पुटपुटला. "म्या म्हणलं, तात्याबाच्या घरचं हाय की एक."

तात्याबा खाली मान घालून उभा. एकेकाचं असंच निघालं. शाळा सगळ्यांना हवी होती, पोर मात्र दुसऱ्याचं.

"लाजा कशा वाटत न्हाईत रं?" धुरपदा कडाडली. "आरं, ह्या शाळंनं तुमाला..." बोलता बोलता तिची नजर पृथ्वीराजवर गेली. त्याची पोरगी करिश्मा पहिलीच्याच वयाची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हातारीला तोंडावर बोलायची कुणाची छाती होईना.

सकाळीच करिश्मा पिवळ्या बसची वाट बघत ओट्यावर उभी होती. तिचा टाय धुरपदानंच सरळ केला होता. पोर साहेबाच्या घरची दिसते, म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली होती. त्या वेळी कौतुकात तिला शाळा आठवलीच नाही. कुणाचं ना कुणाचं येईलच, असंच तिनंही धरलं होतं.

आता तिला रडू आवरेना. तेजश्री बाई शेजारी येऊन बसल्या.

"मला उठवा, बाई," धुरपदा म्हणाली. "आमच्या घरचं बी न्हाई आलं."