उड्या आणि चेहरे

कापूर घातलेल्या खोबरेल तेलाचा वास आला, की आमखास मैदानावर त्याच तेलाने मुलींचे पाय चोळून देणारे ते फुटबॉल प्रशिक्षक आठवतात. सामन्याआधी ते मुलींना एका पायावर उड्या मारायला लावत आणि पायांऐवजी चेहरे न्याहाळत.

अंतिम सामन्याआधी घोटा मुरगळलेली माझी लेक, संघाची हुकमी खेळाडू, उड्या मारत म्हणाली, "नाही दुखत, सर."

"माय, कपाळ तर दुखतंय म्हणतंय. बस खाली."

"मास्तर, तिला खेळवा, नायतर घरी जा!" लोक ओरडत राहिले. आम्ही एका गोलने हरलो.

लेक आजही धावते. इतका जाणता प्रशिक्षक या शहराने ओळखला नाही, हे मी ठामपणे सांगते.

त्या संध्याकाळी ते गोलची जाळी काढत होते. मी विचारले, "हरल्याचे वाईट नाही वाटत?"

गाठ सोडवता सोडवता ते म्हणाले, "लई."