पान धरणारी

सकाळी कढीलिंबाच्या पानावर हिरवी अळी दिसली, म्हणून कॅमेरा काढला. भिंगामागे नळ्या जोडलेल्याच होत्या, पुढे गोल फ्लॅश बसवला. या नळ्यांमुळे अळीच्या अंगावरची लव दिसते, पण चार बोटांपलीकडचं जग धुक्यात जातं. मी तीस वर्षं त्या काढल्याच नाहीत.

"एकदा त्या नळ्या काढा आणि माझा फोटो घ्या," सुमन म्हणायची. "की त्यासाठी मला सहा पाय हवेत?"

ती गेली, आणि तेराव्याला हार घालायला बायकोचा एकही फोटो घरात सापडेना. मुंग्या, माश्या, कोळी मात्र अगदी ओळखू येतील असे.

"भावोजी, हार काय माशीला घालू?" मेहुणी वैतागली. मग एका फोटोपाशी थांबली. पान धरलेला एक अंगठा कडेला आला होता, नखाच्या कडेत हळद. "ही बघा ताई."

वाऱ्यानं पान हलू नये म्हणून सुमनच ते धरायची. मग ती फोटोफोटोत सापडत गेली. आम्ही त्या अंगठ्याला हार घातला. गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

आज पान हलत होतं. डाव्या हातानं मीच ते धरलं आणि उजव्यानं बटण दाबलं. अळी पुसट आली, माझा अंगठा तेवढा लख्ख.

फोटो जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी मेहुणीला शोधाशोध नको.