अर्धवट आप्पाचं मशीन

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत येऊन आप्पासो मगदूम कुठं राहतात असं विचाराल, तर लोक मान हलवतील. अर्धवट आप्पा कुठं राहतो असं विचारा, इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून दारापर्यंत सोडायला येईल. मी कृष्णात, त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी. हे नाव मी ठेवलेलं नाही. मोडून काढायचा प्रयत्नही केला नाही, कारण इतकं चपखल नाव मोडायला जीव होत नाही.

अर्धवट म्हणजे डोक्यानं नव्हे. डोकं गरजेपेक्षा जास्त आहे, तीच अडचण. आप्पांनी एकदा पापड लाटायचं यंत्र केलं. त्यातून पापड गोल येण्याऐवजी भोपळ्याच्या फोडीसारखा यायचा. तो गोल करायचा सोडून आप्पा सायकलवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीच्या मागं लागले. जातं आणलं, सायकल आणली, पण दोघांची गाठ काही पडली नाही. जात्यावर आता कुंडी आहे आणि सायकल मी वापरतो.

भांड्यांचं दुकान केतनच्या, म्हणजे मुलाच्या, हवाली केल्यावर आप्पा दिवसभर मोकळे झाले आणि त्यांच्या बायकोला, चंदनावहिनींना, धास्ती पडली. ती खरी ठरली. एका सकाळी आप्पा मोबाइल नाचवत माझ्याकडं आले.

"कृष्णात, ह्ये बग. सीएनसी राउटर म्हणत्यात याला. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की ह्यो आपलाआपण लाकडात कोरतोय. हात लावायचा न्हाय."

"मग तुमी काय करणार?"

"मी त्यो बनवणार."

बनवायचाच होता तर टेबलावर मावेल एवढा बनवावा. पण नाही. प्लायवूडचं अख्खं शीट बसलं पाहिजे, आठ फूट बाय चार फूट. "अर्धं काम मी करत न्हाय," असं म्हणाले. हे वाक्य त्यांनी हसू न येता कसं म्हटलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

उद्यमनगरातला राजवर्धन नावाचा भंगारवाला त्या दिवसापासून सुखी झाला. नाव राजाचं आणि धंदा गंजाचा. त्याच्याकडून लोखंडी चॅनेल आले, पाइप आले, कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातल्या पोलादी रेल आल्या. वहिनींची स्कूटी घराच्या पार्किंगमधून रस्त्यावर आली आणि पार्किंगमध्ये लोखंडी पलंगासारखं एक धूड उभं राहिलं. त्याच्या दोन्ही अंगांना दोन रेल, आणि त्यावरून पुढंमागं सरकणारा एक आडवा पूल. पुलाला मोटर, मोटरीला फिरतं पातं. पूल पलंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणार आणि पातं खाली लाकूड कोरणार, एवढी साधी गोष्ट. ती साधी गोष्ट करता करता दोन दिवाळ्या गेल्या. वेल्डिंग केलं की लोखंड आखडायचं, आखडलं की रेल वाकडी व्हायची. मग पाण्याची नळी लावून लेव्हल बघ, पुन्हा काप, पुन्हा जोड. मोटर चालू झाली की आमच्या घरातले दिवे मान टाकायचे. गल्लीतली माणसं दूध आणायला जाताना वाकून बघायची आणि विचारायची, "काय आप्पा, कुठवर आलंय?"

"झालंच की," आप्पा म्हणायचे. पापडयंत्राच्या वेळीही ते असंच म्हणायचे.

त्या पावसाळ्यात स्कूटी भिजून भिजून बंद पडली आणि वहिनींचा बांध फुटला. बाईंचा आवाज कधी चढत नाही, म्हणून तर भीती वाटते.

"दसऱ्याला मला एक काम पुरं करून दाखवा," त्या म्हणाल्या. "एकच. पर पुरं. न्हाईतर राजवर्धनचा टेंपो मी बोलावणार, आनि लोखंड जिथनं आलं तिथं जाणार."

आप्पा तिथून उठले. माझ्याकडं येऊन भिंतीला टेकून बसले. "कृष्णात, ह्ये गेलं तर मी आता दुसरं काय सुरू करणार न्हाय," म्हणाले. "नातवंडांचं दप्तर धरून बसस्टॉपवर उभा ऱ्हाईन." माणूस थट्टेचा असला तरी हे ऐकून मला वाईट वाटलं. ज्याची आपण आयुष्यभर चेष्टा केली, तो थांबणार म्हटल्यावर आपणच उघडे पडल्यासारखे होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती बाहेर जाऊ देऊ नका. मगदूमांच्या घरात चातुर्मास म्हणजे कडक. कांदा नाही, बटाटा नाही, पालेभाजी नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. वहिनी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जातात. त्यांची पाठ वळली की आप्पा आमच्या मागच्या दारानं आत येतात आणि माझी बायको स्नेहल कढई तापवते. ताटलीभर कांदाभजी हाणून, बडीशेप चावून, वहिनी यायच्या आत आप्पा मशीनजवळ हजर. पाप लागलंच तर वाटून घेऊ, असं आमचं ठरलेलं.

तर, मशीन जवळजवळ झालं होतं. पुण्याहून एक सर्किट यायचं होतं, तेवढ्यासाठी ते काही आठवडे गप्प उभं होतं. सर्किट आलं. आप्पांनी रेल पुसायला फडकं घेतलं आणि तसेच थांबले. डाव्या रेलच्या बरोबर मध्यावर कुंभारणीनं घर केलं होतं. तीच ती बारीक कमरेची माशी, जी चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीवर घरटं लिंपते. गल्लीत एवढ्या भिंती असताना तिला हीच जागा सापडली. पूल मध्यावर आला की घरटं चिरडणार, एवढं उघड होतं.

आप्पांनी पातळ पट्टी घालून ते अख्खं सोडवता येतं का बघितलं. कडेची माती भुगा होऊन पडली आणि मागून आवाज आला, "काय करालाय?"

वहिनी बस्तीतून परतल्या होत्या.

"आत जीव हाय," त्या म्हणाल्या. "चातुर्मासात जीव मारून यंत्र चालवणार व्हय?"

मी मधे पडलो. मला मधे पडायची खोड आहे. म्हटलं, "वहिनी, ही माशी काय साधी न्हाय. जिवंत कोळी डंख मारून पकडते आणि पिलांना खायला आत कोंबून ठेवते. खुनी बाई हाय ती."

"तिचं कर्म तिच्याबरोबर," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या ह्या भावाचं माझ्याबरोबर."

रेलच काढून ठेवावी म्हटलं, तर ती पुन्हा सरळ बसवण्यात सगळा हिवाळा गेला असता. दसरा तोंडावर आलेला. केतननं बापाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पप्पा, आई बस्तीत गेली की काढून टाका. पडलं म्हणून सांगा." आप्पांनी फडकं झटकलं आणि रेलचं दुसरं टोक पुसायला घेतलं. मीही तेच सांगितलं, भजी खाता खाता. त्यांनी फक्त आणखी चटणी मागितली. दुसऱ्या सकाळी मी वाकून बघितलं, घरटं जागेवर होतं. तिसऱ्या सकाळीही होतं. मला त्यांचा राग आला. माणूस कांद्याला भीत नाही आणि चिखलाला भितो.

पण डोकं जास्त आहे म्हटलं ना. पूल अर्ध्यापर्यंत जातोय ना, मग अर्ध्यातच काम करायचं. आठ फुटी पाटी ठेवायची, एक अर्धं कोरायचं, मग पाटीच उलटी फिरवून घ्यायची, म्हणजे राहिलेलं अर्धं पात्याखाली येतं. घरटं सुखरूप, काम पुरं. काम कुठलं, तर दुकानाची नवी पाटी. दुकानाला नाव वहिनींचंच आहे. डाव्या अर्ध्यात 'चंदना', उजव्या अर्ध्यात 'स्टील सेंटर'.

खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून झेंडूचा हार घातला. दसऱ्याला सकाळी मुहूर्त. सगळी गल्ली पार्किंगसमोर जमली. राजवर्धन टेंपो घेऊनच आला होता; सणाच्या दिवशी लोखंड मिळालं तर शुभच, म्हणाला. आप्पांनी बटण दाबलं, आमचे दिवे मंद झाले आणि पातं सागवानात उतरलं.

खरं सांगतो, मी टिंगल करायलाच गेलो होतो. पण लाकडातून 'च' वर यायला लागला, त्यावर अनुस्वाराचं गोल टिंब बसलं, आणि मी नकळत दोन पावलं पुढं सरकलो. पूल घरट्याच्या वीतभर अलीकडं येऊन थांबायचा आणि शहाण्यासारखा मागं फिरायचा. भुसा झाडला तर 'चंदना' अशी अक्षरं, की बोट फिरवावंसं वाटावं. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. भुशानं असेल.

चौघांनी पाटी उचलून फिरवली. दुसरं अर्धं सुरू झालं. आप्पा आता लोकांकडं वळून मशीन समजावून सांगत होते, इतके खूश होते. काम संपलं, पाटी बाहेर काढून भिंतीला उभी केली. मग इस्त्रीवाला फिस्सकन हसला.

'चंदना' सरळ होतं. 'स्टील सेंटर' डोक्यावर उभं होतं. आप्पांनी पाटी फिरवली होती, पण कॉम्प्युटरमधलं चित्र फिरवायचं विसरले होते.

"अर्धवट आप्पा," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळेच हसले. मीही हसलो, सवयीनं. आप्पा मात्र पाटीकडं बघत तसेच उभे राहिले, हातात ते फडकं. राजवर्धननं टेंपोचा फाळका खाली पाडला.

वहिनी पुढं आल्या. पाटी खालून वरपर्यंत बघितली. मग केतनला म्हणाल्या, "करवत आण."

केतन करवत घेऊन आला. वहिनींनी पाटीच्या मध्यावर बोट ठेवलं. "हितनं काप."

"आई, काय करालीस?"

"काप म्हणते न्हवं का."

कापली. 'चंदना' एकीकडं, उलटं 'स्टील सेंटर' दुसरीकडं. वहिनींनी आपल्या नावाचा तुकडा उचलून आप्पांच्या हातात दिला.

"ह्ये एक काम. पुरं झालंय," त्या म्हणाल्या. "दुसरं काम चुकलं, ते परत करा. मी एकच मागितलं हुतं." मग राजवर्धनकडं वळून, "पावणं, च्या घ्या आनि जावा."

मशीन वाचलं, हे आप्पांच्या ध्यानात यायलाच वेळ लागला. "अगं, पर," एवढंच म्हणाले.

वहिनी आत जायला निघाल्या होत्या. उंबऱ्यावर थांबून आवाज न चढवता म्हणाल्या, "मी बस्तीत गेले की तुमी भावजींच्याकडं जाऊन कांदाभजी खाता. मला वास येत न्हाय व्हय? सगळं म्हाईत हाय. त्याच वेळेला तुमास्नी ते घरटं बी काढता आलं असतं. कुणी बघणार नव्हतं."

"आलं असतं," आप्पा म्हणाले.

"मग?"

आप्पांनी हातातल्या तुकड्यावरचा भुसा फुंकला. "तू न्हाय म्हणालतीस की," ते म्हणाले.

वहिनी आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बस्तीत गेल्यावर आप्पा नेहमीप्रमाणं आमच्या मागच्या दारानं आले. म्हटलं, चोरी उघडी पडली तरी माणूस येतोच. स्नेहलनं गरम कांदाभज्यांची ताटली पुढं ठेवली. आप्पांनी ती माझ्याकडं सरकवली.

"स्नेहल," ते म्हणाले, "चातुर्मास संपेपर्यंत मिरचीची करशील का?"