एक कान कपाला, एक गाण्याला

कपबशांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाला ठोक-टेबल म्हणत. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिथं यायचा. बाई तो डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, लाकडी दांडीनं काठावर हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायची. सरळ कप टण्ण वाजतो. आत केसाएवढी चीर असली की ठप्प. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. टण्ण पुढच्या ढिगात, ठप्प पायाशी ठेवलेल्या टोपलीत. काम दिवसभर तेच, पण बसून. बाकीचा अख्खा कारखाना उभा असायचा, त्यामुळे त्या टेबलाच्या खुर्च्यांवर सगळ्यांचा डोळा.

खिडकीकडच्या खुर्चीवर बसणारीला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. ती गुणगुणायची, आणि आपण गुणगुणतोय हे तिच्या गावीही नसायचं.

लग्नानंतर नवऱ्यानं स्वतःसाठी एक वॉकमन आणला होता. आठवड्यात त्याला त्याचा कंटाळा आला आणि तिनं तो उचलला. सासूनं तोंड सोडलं की ही हेडफोनचे काळे स्पंज कानांवर चढवायची आणि भांडी घासायला बसायची. तोंड सासूचं हलायचं, आवाज गाण्याचा यायचा. एकदा त्या दोन्हींचा असा काही मेळ बसला की तिला हसू फुटलं.

"हसतेय बघ," सासू मुलाला म्हणाली. "मी हिच्या आईबापाचा उद्धार करतेय, आणि ही दात काढतेय."

नवरा जेवत होता. तो उठला, कात्री घेऊन आला, वायर कापली आणि परत पानावर बसला.

"मीठ वाढ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं वायर सोलली, पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. डावी बाजू वाजली. उजवी मेली ती मेलीच. त्यातून सवय लागली. डावा कान गाण्याला. उजवा घरी सासूला आणि कारखान्यात कपाला. पुढं वॉकमन गेला, सीडी आली, सीडी गेली, मोबाइल आला. धडधाकट हेडफोन मिळाले तरी उजवं बोंड छातीवर लोंबतच राहिलं.

"मावशी, ते दुसरं बोंड कुणासाठी टांगलंय?" टेबलावरची एखादी विचारायची.

"तुझ्या नवऱ्यासाठी. तुझं ऐकून विटला असेल तर दे पाठवून."

जीभ अशी. सासू गेली, मागोमाग नवराही गेला, आणि ती जीभ झेलायला घरात सून आली. सून डावीकडून बोलायची. ही बोंड काढायची नाही. ती बिचारी तीन-तीनदा विचारायची, "आई, दवाखान्यात जाऊन येऊ का?" मग ही शेजारणींच्या देखत म्हणायची, "मुकी पदरात पडलीय. चांगलीशी बघून आणली असती, पण माझ्या लेकाला कोण देणार?" शेजारणी हसायच्या. सूनही हसायची. पुढं घरात दोन पगार हवेत म्हणून हिनंच सुनेला ठोक-टेबलावर चिकटवलं. हंगामी म्हणून, समोरच्या स्टुलावर.

त्याच सुमाराला डावा कान गेला. एकदम नाही. गाणं आधी दाराआड गेलं, मग भिंतीआड, मग आवाज टोकाला नेला तरी शेजारच्या घरात वाजल्यासारखं. हेडफोनच बिघडला असेल म्हणून एके दिवशी तिनं उजवं बोंड उजव्या कानात घालून पाहिलं.

आणि बासरी ऐकू आली.

ते तिचं सगळ्यात आवडतं गाणं. वर्षानुवर्षं ऐकलेलं, पण त्यात बासरी कधीच नव्हती. आणि बाईचा आवाजही नव्हता. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धे सूर एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला. डाव्या कानात इतकी वर्षं एक पुरुष नुसता विचारत होता, आणि उत्तर न मिळाल्यासारखा गप्प होत होता. तिला वाटायचं, गाणंच तसं, दुःखाचं. आता उजव्या कानात ती बाई त्याला उत्तर देत होती. तेही चेष्टेत.

रेडिओची दांडी हवेत तशीच राहिली.

"मावशी, झोप लागली काय?" कुणीतरी म्हणालं. तिला ऐकू गेलं नाही.

मग प्रत्येक जुनं गाणं तिनं नव्यानं ऐकलं. उजवा कान गाण्याचा झाला. कपाला उरला डावा, आणि तो तर बहिरा. ती टिचकी मारत राहिली. मोठी चीर असली तर बोटांना कळायची. बारीक निसटायची. निसटतेय हे तिला पक्कं माहीत होतं.

समोरच्या सुनेलाही कळलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तुमच्या ढिगात आजही ठप्प निघाले."

"मग?"

"मी काढून टाकले."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. सुपरवायझरना विचारू का, काढू की नको?"

महिन्याभरात मोठी खोली लेक-सुनेकडे गेली आणि रेडिओचं अंथरूण स्वयंपाकघरात. मग सकाळचं दूध आणणं आलं. मग सगळ्यांचे कपडे.

"त्यापेक्षा गाणी सोडा ना," सून एकदा खरोखर सहज म्हणाली. "उजवा कान कपाला द्या. माझी गरजच उरणार नाही."

"ते नाही व्हायचं."

"मग कपड्यांची बादली आत घ्या. उन्हात रंग उडतो."

पण सून रजेवर असली की कप तसेच जायचे. एका हॉटेलातून खोका परत आला. गरम ओतताच कप दुभंगले होते. सुपरवायझरनं ठोक-टेबलाची परीक्षा लावली. तो फळीमागं कप वाजवणार, बाईनं नुसतं ऐकून सांगायचं. चुकेल ती पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं, आणि रेडिओचे गुडघे जिना चढतानाच रडायचे.

घरी येऊन तिनं हेडफोन काढून ठेवला. फडताळातून एक चांगला कप काढला, एक चिरलेला. दोन्ही उजव्या कानाशी धरून वाजवले. दोन्ही सारखेच वाजले. तिनं बोंडाची बाजू बदलली होती, आवाज मात्र तोच ठेवला होता, टोकाचा.

ती सुनेकडे गेली. "उद्या खूण करशील?"

"करेन की. केस कानामागं घेतले की ठप्प. हात मांडीवर असले तर सरळ."

"आणि बदल्यात?"

"काही नको, आई."

खरं तर तिथंच कळायला हवं होतं.

पहिला कप. सुनेनं केस कानामागं घेतले. "ठप्प," रेडिओ म्हणाली. बरोबर. दुसरा. हात मांडीवर. "सरळ." बरोबर. तिसरा. हात मांडीवरच. रेडिओनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. सून शांत बसली होती, पान वाढायची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखी.

"सरळ," रेडिओ म्हणाली.

सुपरवायझरनं कप फळीपुढं आणला आणि अंगठ्यानं दाबला. कपाची दोन शकलं झाली. "मावशी, हा तर भट्टीवाल्यालाही कळला असता." टेबल खदखदून हसलं. "आणि तुमचे कप तुमची सूनच परत ठोकते, हे तिनं मला कालच सांगितलंय. बोलू नका म्हणाली, आईंना वाईट वाटेल."

खिडकीकडची खुर्ची त्याच दुपारी सुनेला मिळाली. कायम.

"का केलंस?" घरी तिनं विचारलं.

"आपल्या दोघींत खुर्ची एकच होती, आई."

"माझे गुडघे दिसत नाहीत तुला?"

"दिसतात की. रोज दिसतात."

लेक जेवत होता. "आता भांडू नका," तो म्हणाला. "पगार घरातच येतोय ना?"

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ पॅकिंगला उभी. तिथं कान लागत नाही. हेडफोन घाला, न घाला, कुणी विचारत नाही. कागदात कप गुंडाळायचे आणि खोक्यात लावायचे. परीक्षेनंतर ठोकणाऱ्या प्रत्येकीला नंबर मिळाला होता, खोका परत आला तर कुणाचा ते कळावं म्हणून. ठोक-टेबलावरून आलेल्या ढिगात सुनेच्या नंबराचा एक ट्रे होता. त्यातल्या एका कपाच्या काठापासून चीर खाली उतरली होती, नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी. नवी खुर्ची, नवा उत्साह, हात घाईचा.

रेडिओनं तो उजेडात धरून नीट पाहिला. मग त्याला दोन कागद गुंडाळले, बाकीच्यांना एकेकच मिळत होता, आणि खोक्याच्या मधोमध बसवला. सुनेच्या नंबराची चिठ्ठी खोक्यावर तिनं स्वतःच्या हातानं चिकटवली आणि कोपरे अंगठ्यानं दाबले.