चढावरचं ‘खट्’

अशी जवळ सरक बघू, इंदू. पत्रातलं असलं तरी मावशीचं बोलणं लांबून ऐकायचं नसतं. आणि काय गं, पुण्यात संसार मांडलास म्हणून भोसरीची वाट पुसूनच टाकलीस? चार कोसांवर राहतेस आणि तुझी खुशाली मला परक्यांच्या तोंडून कळते! असो; रागावले नाही, नुसता कान उपटला. आता क्षणभर गप्प राहा आणि ऐक. काही ऐकू येतं? नाही ना? त्या न ऐकू येण्याबद्दलच तुला सांगायचं आहे.

आमच्या दारापुढचा नाशिक रस्ता तुला आठवत असेल. चाकणच्या बाजारातून कांदा भरून निघालेला ट्रक आमचा चढ चढू लागला की त्याची घरघर आधी खोल खोल होत जाते, मग गिअर बदलतो, आणि निमिषभर सारं यंत्र श्वास रोखून धरतं. नेमक्या त्या निमिषात आमच्या ट्रकच्या पोटातून एक आवाज येई: खट्. दगडावर नारळ आपटावा तसा. लढाई संपल्यावर तुझ्या काकांनी लष्कराच्या मोडीतून घेतलेला तो ट्रक. रंग, ताडपत्री, सगळं इतरांसारखंच, पण ते ‘खट्’ मात्र त्याचं एकट्याचं. ते कानी पडलं की मी तवा चुलीवर चढवी, आणि पहिली भाकरी फुगेपर्यंत हे हातपाय धुऊन पाटावर येत. घरात घड्याळ नव्हतं. त्याची उणीवही कधी भासली नाही.

हे गेले. ट्रक आपल्या वसंताच्या हाती आला, पण चढावरचा आवाज तोच राहिला. माणूस जातं आणि त्याची चाहूल मागे राहते, किती विलक्षण आहे हे! वसंता आता बायकामुलांना घेऊन पुण्यात राहतो. भरल्या गाडीनिशी दर खेपेला दारात थांबणं त्याला कसं जमावं? न थांबता पुढे गेला तरी मला कळायचं: गेला, सुखरूप गेला. दिवसभर घरात दुसरा शब्द उमटला नाही, तरी त्या एका अक्षराच्या आधारानं माझी संध्याकाळ पार पडे.

यंदाच्या कांद्यात मात्र त्या आवाजाचं रूप पालटलं. एका ‘खट्’च्या जागी दोन येऊ लागले आणि त्यांच्या मागून बारीक कुरकुर. आत बसलेल्याला इंजिनाच्या गर्जनेपुढे ते कुठलं ऐकू यायला! पोरगा थांबला त्या दिवशी मी पाणी द्यायच्या आधी तेच सांगितलं. तर हसून म्हणतो कसा, “आई, गाडी म्हातारी झाली. तुझे गुडघे वाजत नाहीत का?”

मी म्हटलं, “माझा गुडघा निखळला तर मी ओसरीवर पडेन रे. हिचा खंडाळ्याच्या घाटात निखळला तर?”

मग मात्र हसला नाही. दुसऱ्या खेपेला नवा सांधा घेऊनच आला.

तू म्हणशील, मावशीला यातलं काय कळतं? अगं, पुढचा सांधा यांनी याच अंगणात बदलला तेव्हा कंदील नि पाने मीच हाती देत होते. मागचा अजून चालेल, म्हणून तो तसाच राहिला होता. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना पोचवणारा एक लांब दांडा ट्रकच्या पोटाखालून जातो. रस्ता खालीवर झाला तर तो मोडू नये म्हणून त्याला सांधे दिलेले. सांध्यात चार हातांचा क्रॉस, प्रत्येक हातावर लोखंडी वाटी, आणि वाटीच्या आत कडेकडेनं उदबत्तीच्या काडीसारख्या बारीक सुया उभ्या, एकीला एक खेटून, वंगणाच्या स्निग्धतेत.

वसंतानं चाकांना धोंडे लावले. दांडा होता तसाच परत बसावा म्हणून मी दोन्हीकडे चुन्याची खूण केली. गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजलं. दांडा खाली उतरल्यावर सांधा ठेवायचा कशावर? अंगणातल्या उखळावर! वरून हातोडा, खाली पोकळी. जुनी वाटी उखळात पडली ती खणकन. आत वंगण नव्हतंच. रिकाम्या करंड्याच्या तळाशी उरावी तशी तांबडी पूड होती, आणि क्रॉसच्या गुळगुळीत हातांवर सुयांचे वळ उठले होते. इतकी वर्षं माझ्याशी बोलत होतं ते हे झिजणं होतं, इंदू.

नव्या वाट्यांत सुया लावायला मी बसले. तांदळातले खडे वेचलेली बोटं ही, त्यांना काय अवघड! हा सांधा बसला की चढ मुका होणार, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. म्हणूनच तर एकेक सुई अधिक निगुतीनं लावली. वंगणानं कितीही जवळ धरलं तरी एकटी सुई उभी राहत नाही, गं; कलंडते. कडं पुरं भरलं की मग साऱ्याजणी एकमेकींना सावरून धरतात.

शेवटची वाटी अर्ध्यात अडली. वसंतानं हातोडा उगारला, तशी मी त्याचं मनगट धरलं. “ठोकू नकोस. आत सुई आडवी पडलीय.” वाटी काढून पाहिली, तळाशी खरंच एक आडवी. तिला उभी केली आणि वाटी नुसत्या टिचक्यांनी आपल्या जागी गेली. अडलेल्या ठिकाणी आपण किती सहज घाव घालतो, नाही? आत कोण पडलंय, ते बघायचं राहूनच जातं. सांधा हातानं फिरवून पाहिला. लोण्यातून फिरावा तसा फिरला.

पुढच्या खेपेला वसंता दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी पीठही मळलं नव्हतं. मांजरासारखा आला ट्रक. माझा चेहरा पाहून बिचारा म्हणाला की चढावर हॉर्न देत जाईन. देतोही. पण त्या चढावर कोण हॉर्न देत नाही? पिंपरीकडे कारखाने उठताहेत तशा गाड्याही वाढल्यात. एखादी चढून जाते, मी हातातलं काम थांबवते आणि स्वतःला सांगते, हाच असेल. घाटातला घोर मिटला. हे काय थोडं झालं? पण रस्ता इतका गजबजलेला आणि त्यात माझ्या ओळखीचं अक्षर एकही नाही.

जुना क्रॉस फडताळात ठेवलाय. त्याच्या एका हातावर जुनी वाटी अजून अडकलेली आहे. हलवली तर वाजेल. मी हलवत नाही. आपल्याच हातानं वाजवलेली चाहूल ती काय!

तेव्हा तूच ये. लवकर ये, कांदा संपायच्या आत. दार उघडंच असतं, पण सरळ आत शिरू नकोस. उंबऱ्याबाहेर थांब आणि कडी वाजव, एकदाच, जोरानं. तवा मी तेव्हाच चढवीन.